आजी, विरजण आणि 'स्मृतिचित्रे'

एरवी मी इथं दुधाबद्दल लिहिते. माझ्या पीएचडीचा विषय घरगुती विरजणातले जिवाणू हा आहे आणि मी राजुरीची, म्हणजे दुधाच्या गावची आहे. त्यामुळे विषय सोडून फार लांब जायची वेळ येत नाही. आज मात्र एका पुस्तकाबद्दल लिहायचंय. विरजण मध्ये येईलच, त्याला इलाज नाही.

पुस्तक जुनं आहे. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी शाळेच्या पुस्तकात त्यातला एखादा उतारा वाचला असेल आणि 'टिळक विसरभोळे होते, बाई विनोदी लिहायच्या' एवढंच लक्षात राहिलं असेल. माझंही तसंच होतं. यंदा ईस्टरच्या आठवड्यात ते मी आजीला वाचून दाखवलं, तेव्हा ते वेगळंच पुस्तक निघालं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. श्रद्धा बदलते म्हणजे नेमकं काय होतं, याची मराठीत इतकी प्रामाणिक नोंद मी दुसरी वाचलेली नाही. कारण ही बाई श्रद्धेबद्दल फारसं बोलतच नाही. पाणी कुणी भरलं, चूल कुणाची, ताटात कुणी वाढलं आणि ते घशाखाली उतरलं का, एवढंच ती सांगत राहते. आणि हे पुस्तक जिथं कमी पडतं, तेही पाण्यापाशीच कमी पडतं.

एकच चंद्र

आधी तारखेचं. यंदा, २०२६ मध्ये, गुरुवारी २ एप्रिलला हनुमान जयंती होती, शुक्रवारी ३ एप्रिलला ख्रिस्ती लोकांचा उत्तम शुक्रवार आणि रविवारी ५ एप्रिलला ईस्टर. हा निव्वळ योगायोग नाही. ईस्टरचा नियम असा आहे की २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा घ्यायची आणि तिच्या पुढचा रविवार धरायचा. चर्चवाले त्यासाठी आकाशाकडे न बघता जुनी कोष्टकं वापरतात, त्यामुळे पौर्णिमा एखाद्या दिवसानं इकडंतिकडं होते. पण हिशेब चंद्राचाच. म्हणून ईस्टर कधी होळी पौर्णिमेच्या मागोमाग येतो, जसा २०२४ मध्ये ३१ मार्चला आला होता, नाहीतर चैत्री पौर्णिमेच्या मागोमाग येतो, जसा यंदा आला. आपल्याकडं अधिक महिना येतो आणि त्यांच्याकडं कोष्टक, म्हणून हे असं पुढंमागं होतं.

हे मी आजीला समजावून सांगितलं. ती कांद्याची पात कापत होती. म्हणाली, "म्हंजी त्यांचा देवबी चंद्रच बघतो."

आता आजीला हे का सांगत होते, ते सांगायला हवं. चार वर्षांपूर्वी माझ्या ताईनं नगरच्या एका ख्रिस्ती मुलाशी लग्न केलं. नोंदणी पद्धतीनं. घरात आरडाओरडा झाला नाही. वडील दोन महिने गप्प होते, मग बोलायला लागले. आई तर पहिल्या दिवाळीलाच जाऊन आली. आजी माळकरी आहे, तिनं कधी एक वाईट शब्द काढला नाही. दाजी घरी आले तर स्वतः उठून त्यांना गूळ-पाणी देते. कांदा, गहू, शेंगदाणे, सगळं पोतं भरून नगरला पाठवते. पण चार वर्षांत ती त्या घराची पायरी चढलेली नाही आणि तिकडून आलेलं काही खात नाही. ताई माहेरी आली की आजी तिला जवळ बसवते, तिच्या डोक्याला तेल लावते, आणि ताईनं केलेला चहा मात्र नको म्हणते. "आत्ताच घेतला" म्हणते. ताईलाही ठाऊक आहे की आत्ताच घेतलेला नाही.

म्हणजे द्यायला चालतं, घ्यायला चालत नाही. ही ओळ लक्षात ठेवा, पुढं लागेल.

बाई काय सांगते

गुरुवारी संध्याकाळी मारुतीच्या देवळात जाऊन आल्यावर मी वाचायला सुरुवात केली. सगळं पुस्तक तीन दिवसांत वाचून होत नाही, मी निवडून वाचलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरच्या मनकर्णिका गोखले. लहानपणीच नारायण वामन टिळकांशी लग्न झालं. टिळक कवी, विद्वान, मनानं उदार, डोक्यानं तापट, आणि घरातून कधी उठून जातील याचा नेम नाही. १० फेब्रुवारी १८९५ ला त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायको आणि लहानगा मुलगा दत्तू मागं नातेवाइकांच्या आधारावर. मग कित्येक वर्षांची ताटातूट, जवळ येणं, पुन्हा दूर जाणं, आणि १९०० मध्ये लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा. टिळक १९१९ मध्ये गेले. पुढं त्या मुलाकडं कराचीला राहिल्या. 'स्मृतिचित्रे' आधी 'संजीवनी'मधून येत होती आणि १९३४ पासून चार भागांत पुस्तकरूपानं निघाली. त्या स्वतः फेब्रुवारी १९३६ मध्ये वारल्या, त्यामुळे शेवटचा भाग मुलानं, देवदत्तनं, पुरा करून छापला.

पुस्तकाची सुरुवात सोवळ्यापासून होते. लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचं वेड होतं. बाजारातून आलेलं सामान धुऊन घेतल्याशिवाय घरात घ्यायचं नाही, आणि या धुण्यापायी घरातल्या बायकापोरांचे हाल. हे सगळं त्या हसत सांगतात. आजीही हसली. मग म्हणाली, "आमची आत्याबाई अशीच व्हती. सरपणावर पाणी शिंपडायची, मग ते पेटायचं न्हाई."

बहुतेक लेखांमधून या भागाचं कौतुक 'विनोदी शैली' म्हणून होतं. मला वाटतं, त्यात एक गोष्ट सुटते. ज्या मुलीचं बालपण या धुण्यात गेलं, तिचा नवरा पुढं ख्रिस्ती होतो तेव्हा तिच्यासमोर पहिला प्रश्न काय असणार? येशू देवाचा पुत्र आहे की नाही, हा नाही. याच्या घरातलं पाणी मी प्यायचं की नाही, हा. आणि पुस्तक अगदी तेच सांगतं. नवऱ्याच्या जवळ राहायला आल्यावरही तिची चूल वेगळी, तिचं पाणी वेगळं. नवरा-बायको, दोघांचं एकमेकांवर प्रेम, आणि मध्ये घागर.

शेजारी बाबा पदमनजींचं 'अरुणोदय' ठेवून बघा. तेही धर्मांतराचंच आत्मचरित्र, मराठीतलं महत्त्वाचं, आणि अभ्यासकांनी नावाजलेलं. पदमनजी वाचतात, वाद घालतात, मूर्तिपूजेवर विचार करतात, मनातल्या शंका एकेक करून बाजूला काढतात. तो पुस्तकांतून गेलेला रस्ता आहे. लक्ष्मीबाईंचा रस्ता माजघरातून जातो. पदमनजी वाचताना मला त्यांचं म्हणणं पटतं किंवा पटत नाही. लक्ष्मीबाई वाचताना पटण्याचा प्रश्नच येत नाही. मला दिसतं की हे असं झालं.

पुस्तकातली एक जागा बऱ्याच जणांना माहीत आहे. बाप्तिस्म्याच्या आधीच एकदा त्या जातीचा विचार करत बसतात. जाती देवानं केल्या की माणसानं, असं स्वतःलाच विचारतात, आणि देवानं केलेल्या जाती दोनच, बाई आणि पुरुष, असं उत्तर त्यांना मिळतं. मग कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं, असा निश्चय. इथं कोणी धर्मोपदेशक नाही, वाद नाही, चमत्कार नाही. बाईनं एकटीनं बसून हिशेब केला आणि उत्तर आलं ते लगेच अमलात आणलं.

हे वाचून झालं तेव्हा आजी काही बोलली नाही. पात कापून झाली होती तरी विळा हातातच होता.

पहाटेच्या बायका

शनिवारी दुपारी मी नगरला निघाले. आजीनं नेहमीसारखं विरजण दिलं, स्टीलच्या छोट्या डब्यात, वर फडकं बांधून. राजुरीहून बेल्हे, टाकळी ढोकेश्वर, भाळवणी करत नगर. बाहेर ऊन आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना उन्हाळ कांद्याची काढणी.

रविवारी पहाटे ताई-दाजींबरोबर उपासनेला गेले. अंधार होता. पेटी, तबला, झांजा, आणि बायका डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या. डोळे मिटले असते तर मला काकड आरतीला आल्यासारखं वाटलं असतं. टिळकांची गाणी इथं अजून म्हणतात, आणि म्हणणाऱ्यांना ती कुणाची आहेत हे सांगावं लागत नाही.

त्या दिवशी बायबलमधला रिकाम्या कबरेचा भाग वाचला गेला. मी घरी परत येऊन चारही शुभवर्तमानांत तो भाग शेजारी शेजारी ठेवून वाचला. सवय आहे, एकाच प्रयोगाच्या चार वह्या असल्या की आम्ही तसंच करतो. चारही वह्या जुळत नाहीत. योहान सांगतो, मग्दालीया मरीया गेली. मत्तय दोघींची नावं देतो. मार्क तिघींची. लूक आणखी वेगळी नावं देतो आणि 'इतरही' म्हणतो. एखादा परीक्षक म्हणेल की नोंदी कच्च्या आहेत. पण चौघांच्याही वहीत एक गोष्ट सारखी आहे. पहिल्यांदा तिथं गेल्या त्या बायका. मार्क आणि लूक सांगतात की त्या सुगंधी द्रव्यं घेऊन गेल्या होत्या, म्हणजे घरात मयत झाल्यावर मागं उरलेलं जे काम बायकांकडं येतं, ते उरकायला. मार्कमध्ये तर त्या वाटेत एकमेकींना विचारतात की तोंडावरची धोंड कोण सरकवणार. इतका व्यवहारातला प्रश्न. आणि परत येऊन त्यांनी सांगितलं, तेव्हा लूक लिहितो, प्रेषितांना ती बरळ वाटली, त्यांनी विश्वास ठेवला नाही.

मी ख्रिस्ती नाही. कबरेत काय झालं यावर मी इथं मत देणार नाही. माझ्याकडची कुठलीच पद्धत त्याला लागू पडत नाही. पण वाचक म्हणून एवढं दिसतं की त्या धर्मातली सगळ्यात मोठी बातमी घरकामाला निघालेल्या बायकांनी आणली आणि पुरुषांनी आधी ती उडवून लावली. 'स्मृतिचित्रे' त्याच जातीचं पुस्तक आहे. बाई लग्नानंतर नवऱ्याकडून लिहा-वाचायला शिकली. तिच्याकडं शास्त्र नाही. कामाला निघाली होती, वाटेत जे दिसलं ते येऊन सांगितलं. आणि आपणही ते 'गमतीदार' म्हणून बाजूला ठेवलं.

येशूच्या जीवनावर मराठीत मोठे काव्यग्रंथ आहेत. फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात छापलं गेलं, दहा हजारांवर ओव्या आहेत त्यात. टिळकांनी 'ख्रिस्तायन' सुरू केलं, ते अपुरं राहिलं, आणि त्यातले बहुतेक अध्याय मागं लक्ष्मीबाईंनीच लिहिले. १९३८ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, ते प्रसिद्ध झालं. ईस्टरसाठी कुणी पुस्तक विचारलं तर नियमानं यांचीच नावं सांगायला हवीत. मी तरीही 'स्मृतिचित्रे' सांगेन. एकाच बाईची ही दोन पुस्तकं, पण 'ख्रिस्तायना'त ती टिळकांनी आखलेल्या वाटेवरून चालते, इथं तिची स्वतःची पायवाट आहे.

विरजणाचा हिशेब

आता विरजण. सकाळी ताईनं आजीचंच विरजण लावून केलेलं दही पानात वाढलं, तेव्हा माझ्या डोक्यात हे आलं.

दूध दही कधी होतं? लोक म्हणतात 'रात्री लावलं, सकाळी झालं', जणू मधल्या वेळेत कुणीतरी येऊन कळ दाबून गेलं. प्रयोगशाळेत मी दर अर्ध्या तासानं त्याची आम्लता मोजते. ताज्या दुधाचा पीएच ६.७ च्या आसपास असतो. विरजण घातल्यावर पहिला तास-दोन तास आकडा जवळजवळ हलत नाही. जिवाणू तेव्हा जागा करून घेत असतात, संख्येनं वाढत असतात, पण बाहेरून काही दिसत नाही. मग ते दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, खाऊन लॅक्टिक आम्ल सोडायला लागतात. आकडा उतरू लागतो. ६.४, ६.०, ५.७. भांडं हलवलं तर अजून दूधच. दुधात केसीन नावाच्या प्रथिनाचे बारीक गोळे तरंगत असतात, एकमेकांना दूर ठेवून. आम्ल वाढतं तसा त्यांचा हा दुरावा कमी होतो. साधारण ५.३ च्या खाली ते एकमेकांना धरू लागतात आणि ४.६ ला पोचेपर्यंत सगळं घट्ट. शेवटचा टप्पा इतका झटकन होतो की बघणाऱ्याला वाटतं, आत्ताच झालं.

धर्मांतराच्या गोष्टी बहुतेक या शेवटच्या टप्प्याच्या असतात. प्रकाश दिसला, आवाज आला, जीवन बदललं. लक्ष्मीबाईंनी आपल्याला दर अर्ध्या तासाचे आकडे दिलेत. नवरा गेल्याचा राग. समाजाची भीती. चूल वेगळी. मग मुलाला नवऱ्याच्या ताटात जेवू द्यायचं की नाही याची घालमेल. मग एकदा जातीचा विचार. मग पाणी. मग पुष्कळ पुढं बाप्तिस्मा. आणि बाप्तिस्म्यानंतरही स्वभाव तोच, भांडणं तीच, टिळकांचं घरातले पैसे दुसऱ्याला देऊन मोकळं होणं तेच. देवानं काही जादू केल्यासारखं दाखवण्याचा मोह या बाईला झालेला नाही. आकडे दुरुस्त केलेले नाहीत. प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला याची किंमत कळते, कारण आकडा जरासा सरळ रेषेवर आणून ठेवण्याचा मोह आम्हाला रोज होतो.

उपमा एका जागी मोडते, तेही सांगते. दह्याचं पुन्हा दूध होत नाही. माणसाचं तसं नाही. लक्ष्मीबाई पुढं जातात, मागं येतात, निश्चय करतात आणि मळमळतं म्हणून उठतात. दुधाला लाज नसते, आठवण नसते. म्हणून माझं काम त्यांच्यापेक्षा सोपं आहे.

जिथं पुस्तक कमी पडतं

दोन तक्रारी आहेत.

पहिली हसण्याची. लक्ष्मीबाई दुःखावर इतका सफाईदार विनोद करतात की टिळक सुटून जातात. एक माणूस लहान मूल आणि बायको सोडून धर्म बदलतो, घरात दाणा नसताना पाहुणे घेऊन येतो, चिडला की कुणाचं ऐकत नाही; आणि आपण वाचून म्हणतो, काय थोर, काय मनस्वी! ते थोर होतेच. पोरक्या मुलांना त्यांनी घर दिलं, बालकवी ठोमऱ्यांसारखा कवी त्यांच्या घरात मुलासारखा राहिला. पण त्या पोरांना रांधून कुणी घातलं? पुस्तकात ते आहे, पण हसण्याच्या आवाजात ऐकू येत नाही. शाळेच्या उताऱ्यांनी तर फक्त हसणंच उचललं. हा दोष थोडा बाईंचा आणि पुष्कळसा आपला.

दुसरी तक्रार माझी नाही, ती मला नगरमध्ये मिळाली. दाजींची आजी ऐंशीच्या पुढची आहे. नगर जिल्ह्यातल्या बहुतेक ख्रिस्ती कुटुंबांसारखं त्यांचंही कुटुंब मूळचं गावकुसाबाहेरचं. मिशनच्या शाळेमुळं शिकलं. जेवणं झाल्यावर मी त्यांना उत्साहानं ती जातीच्या विचाराची जागा सांगितली. बाईंनी सगळ्यांच्या हातचं पाणी प्यायचं ठरवलं, किती मोठी गोष्ट, वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "बाळा, ती बाई आमच्या हातचं पाणी प्याली, ते तिनं लिहिलं. चांगलं केलं. पण ते पाणी दिलं कुणी, तिचं नाव काय, तिनं काय विचार केला आसंल, ते कुणी लिहिलं?"

मला उत्तर देता आलं नाही. परत येऊन पुस्तक पुन्हा चाळलं. त्या म्हणतात ते खरं आहे. सोवळं ओलांडण्याची गोष्ट पूर्णपणे ओलांडणाऱ्याच्या बाजूनं सांगितलेली आहे. ज्यांच्याकडं ओलांडून जायचं, ती माणसं दारात उभी आहेत, घागरी घेऊन आहेत, पण त्यांच्या आत पुस्तक जात नाही. ब्राह्मण बाईचं पाणी पिणं ही घटना झाली. दुसऱ्या बाईचं पाणी देणं ही घटना झाली नाही. त्या बाईनंही कदाचित रात्रभर विचार केला असेल. आज दिलेलं पाणी ही ओतून तर देणार नाही ना, या भीतीनं तिचाही हात थरथरला असेल. लक्ष्मीबाईंची नजर घरातल्या सगळ्या भांड्यांवर असते. या एका भांड्याच्या पलीकडं ती गेली नाही.

यामुळं पुस्तक लहान होतं का? माझ्या मते नाही. पण त्याची मर्यादा नीट सांगितल्याशिवाय त्याचं कौतुक करणं म्हणजे पुन्हा आकडा सरळ रेषेवर आणून ठेवणं. 'स्मृतिचित्रे' हा अर्धा हिशेब आहे. घेणाऱ्याचा. देणाऱ्याचा हिशेब दुसऱ्या कुणीतरी लिहायचा होता, आणि नगरच्या त्या घरात तो अजून तोंडीच आहे.

आणि मग मला माझीच आजी आठवली. द्यायला चालतं, घ्यायला चालत नाही. चार वर्षं आम्ही सगळे आजीचीच बाजू समजून घेत आलो. म्हातारी आहे, माळकरी आहे, तिच्या मनाचा विचार करायला हवा. राजुरीहून पोतं भरून येणारा कांदा-गहू मुकाट्यानं उतरवून घेणाऱ्या आणि परत काहीच पाठवू न शकणाऱ्या त्या दुसऱ्या आजीला काय वाटत असेल, हे आमच्या घरात कुणी, मीसुद्धा, एकदाही बोललं नव्हतं.

डबा

संध्याकाळी निघताना दाजींच्या आजीनं तोच स्टीलचा डबा माझ्या हातात दिला. आत शिरा होता. तूप वर आलेलं. "तुझ्या आजीला दे," म्हणाल्या. "रिकामा डबा परत देऊ नये." ताई माझ्याकडं बघत होती. मी डबा पिशवीत ठेवला.

घरी पोचायला रात्रीचे नऊ वाजले. आजी ओट्यावर बसली होती. मी डबा तिच्यासमोर ठेवला आणि कुणी दिला ते सांगितलं. शिरा आहे, तुपातला आहे, असंही सांगितलं. तिनं फडकं सोडलं, बघितलं, पुन्हा बांधलं. डबा उचलून आत नेला आणि फळीवर ठेवला. मग म्हणाली, "त्या बाईचं पुढं काय झालं? पाणी प्याली, मग?"

मी पुस्तक काढलं आणि पुढचं वाचलं. साडेदहापर्यंत. तिनं मध्ये एकदाच विचारलं, "तिची सासरची मान्सं काय म्हनाली?" मग झोपायला गेली.

सकाळी उठले तर डबा मोरीजवळ धुऊन पालथा घातलेला होता. तिनं खाल्ला, की गोठ्यातल्या गाईला घातला, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. पहिल्या दोन तासांत आकडा हलत नाही, हे मला माहीत असायला हवं.

'स्मृतिचित्रे' वाचणार असाल तर शक्यतो संपूर्ण आवृत्ती घ्या, संक्षिप्त नको; जे गाळलंय ते बहुतेक वेळा घरातलंच असतं. आणि जमलं तर एकट्यानं वाचू नका. घरात जे कुणी 'आत्ताच घेतला' म्हणत असेल, त्यांना वाचून दाखवा. पुढच्या वेळी नेहमीसारखी दुधाकडं वळते: उन्हाळ्यात दही लवकर आंबट का होतं, आणि त्यावर आजीचा उपाय विज्ञानाच्या दृष्टीनं बरोबर का आहे.